खांदा बदलला, ताप नाही, पू नाही, तरी आत इन्फेक्शन? कृत्रिम खांद्याला जंतुसंसर्ग झाला तर डॉक्टर काय करतात

समजा, अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे एक काका आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा खांदा बदलला. ऑपरेशन छान झालं, टाके निघाले, फिजिओथेरपी झाली आणि काका पुन्हा बेस्टच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभे राहायला लागले. मग हळूहळू खांदा परत दुखायला लागला. रात्री जास्तच. हात पूर्वीइतका वर जाईना, शर्टाची बाही चढवताना कळ यायला लागली. ताप नाही, सूज नाही, ऑपरेशनचा व्रण एकदम स्वच्छ. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणाले, वय झालंय, दुखणारच. तरी कशाला विषाची परीक्षा म्हणून मुलाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या.

हे काका काल्पनिक आहेत. पण कृत्रिम खांद्याचं इन्फेक्शन बऱ्याचदा असंच येतं, आवाज न करता. आणि त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी काकांचं दुखणं बरं होण्याऐवजी त्यांचं निदान अवघड होऊन बसतं. कसं, ते पुढे बघू.

पहिला कृत्रिम खांदाच इन्फेक्शनमुळे काढावा लागला होता

अँटॉप हिलवरून वडाळा ओलांडलं की शिवडी. शिवडी म्हटलं की मुंबईकरांना महापालिकेचं टीबी हॉस्पिटल आठवतं. टीबी म्हणजे फुप्फुसाचा आजार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण टीबी हाडांनाही होतो आणि सांध्यांनाही. खांद्यालाही होतो.

जगात नोंदलेलं पहिलं खांदा बदलण्याचं ऑपरेशन याच टीबीमुळे झालं. साल १८९३, शहर पॅरिस. ज्यूल्स एमिल पेआँ या सर्जनकडे ३७ वर्षांचा एक बेकरीवाला आला. टीबीने त्याचा खांदा पोखरला होता. हात कापायला तो तयार नव्हता. मग पेआँने प्लॅटिनम आणि कडक रबर वापरून बनवलेला सांधा त्याच्या खांद्यात बसवला. हा सांधा बनवला होता एका डेंटिस्टने. सुरुवातीला हात चालायलाही लागला. पण टीबी आत शिल्लक होता, तो परत उफाळला आणि साधारण दोन वर्षांनी तो सांधा काढून टाकावा लागला.

तेव्हा अँटिबायोटिक हा प्रकारच नव्हता. पुढे १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी धातूचा खांदा रुळवला. १९८०च्या दशकात फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी 'रिव्हर्स' खांदा आणला, म्हणजे बॉलच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी बॉल. खांदा फिरवणारे स्नायू, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात, ते फाटलेले असले तरी दंडाच्या वरचा डेल्टॉइड स्नायू या रचनेत हात उचलू शकतो. आज वयस्कर माणसांमध्ये बऱ्याचदा हाच प्रकार बसवतात. सांधे असे बदलत गेले, पण पेआँला पडलेला प्रश्न अजून आहे. परकी वस्तू शरीरात असताना जंतू मारायचे कसे?

हे किती जणांना होतं?

फार नाही. पहिल्यांदा खांदा बदलणाऱ्या साधारण १०० जणांमागे एकाला. वेगवेगळ्या नोंदींमध्ये हा आकडा थोडा खालीवर होतो. खांद्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं असेल तर धोका बराच वाढतो. डायबेटिस, सिगारेट, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांनीही वाढतो.

यातली एक गोष्ट आपल्या हातात आहे. खांदा जाम झाला की स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, त्यात गैर काही नाही. पण खांदा बदलायच्या आधीच्या तीन महिन्यांत असं इंजेक्शन घेतलेलं असेल तर पुढे इन्फेक्शनचं प्रमाण वाढतं, असं अभ्यासांमध्ये दिसलंय. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना सर्जनला शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा विषय नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी कॉलेजच्या वयाची मुलंही येतात, ज्यांच्या दंडाच्या हाडाला वरच्या टोकाशी कॅन्सर असतो. हात वाचवण्यासाठी तिथलं हाड काढून मोठा धातूचा सांधा बसवतात. सोबत केमोथेरपी चालू असते, त्यामुळे अशा सांध्यांमध्ये इन्फेक्शनची भीती साध्या खांद्यापेक्षा जास्त.

पिंपल्सवाला जंतू खांद्यात काय करतो?

गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या कृत्रिम सांध्यात इन्फेक्शन झालं तर बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू सापडतात. त्यातला ऑरियस हा दणक्यात येतो. ताप, लाली, पू, सगळं दिसतं. तो खांद्यातही येऊ शकतो. पण खांद्याचा खास पाहुणा वेगळा आहे. त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणायचे, त्यामुळे जुन्या रिपोर्टवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

नावातल्या ॲक्नेवरून ओळखलंच असेल. चेहऱ्यावरच्या पिंपल्सशी संबंध असलेला हाच तो जंतू. तो आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतो. खांदे, पाठ, छाती अशा तेलकट भागांत जास्त, आणि बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त. त्याला ऑक्सिजन फारसा आवडत नाही, म्हणून तो केसांच्या मुळाशी, तेलग्रंथींमध्ये खोल बसतो. ऑपरेशनच्या आधी खांद्यावर लावलेलं जंतुनाशक त्वचेच्या वरच्या थराला साफ करतं, तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. सर्जनने चीर दिली की कापलेल्या ग्रंथींमधून जंतू बाहेर येतात आणि ग्लोव्हजवर, अवजारांवर, तिथून सांध्यावर जातात.

म्हणूनच हल्ली अनेक सर्जन ऑपरेशनच्या काही दिवस आधीपासून खांद्याला बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला सांगतात. हो, तेच, पिंपल्सच्या क्रीममधलं. त्याने त्वचेवरचे हे जंतू कमी होतात, हे सिद्ध झालंय. त्यामुळे पुढची इन्फेक्शन्सही कमी होतात का, हे तितकं पक्कं नाही. पण स्वस्त आहे, सोपं आहे, म्हणून वापरतात. चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून दिलं जाणारं सेफाझोलिन हे अँटिबायोटिक मात्र महत्त्वाचं. 'मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' असं लहानपणापासून ऐकलंय म्हणून अनेकांना ते दिलं जात नाही. ती ॲलर्जी खरी आहे का, हे आधी तपासून घेतलेलं बरं.

मग गोळ्या घेऊन बरं का होत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर आहे बायोफिल्म.

बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला तर बोटाला बुळबुळीत लागतं ना, तसा थर. धातू किंवा प्लास्टिकवर जंतू चिकटले की काही दिवसांत स्वतःभोवती असा थर बनवतात. आत बसलेले जंतू अतिशय संथ होतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवर चालतात, त्यामुळे या सुस्तावलेल्या जंतूंवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशीही थर फोडू शकत नाहीत. वर सांध्याच्या धातूला रक्तपुरवठा नसतो. गोळीतलं औषध रक्तातून हाडापर्यंत येतं, धातूवरच्या थरात त्याचं फार चालत नाही.

त्यामुळे नुसत्या गोळ्यांनी दुखणं दबतं. गोळ्या थांबल्या की महिना-दोन महिन्यांनी परत सुरू. टाकी घासावीच लागते, नुसतं पाण्यात औषध टाकून भागत नाही. म्हणून या आजारात ऑपरेशन आणि अँटिबायोटिक हे दोन्ही लागतं.

निदानाला दोन आठवडे का लागतात?

आपल्या काकांकडे परत येऊ. त्यांचं सीआरपी आणि ईएसआर नॉर्मल आलं होतं. क्युटिबॅक्टेरियमच्या बाबतीत हे अनेकदा होतं. सांध्यातून सुईने पाणी काढायला जावं तर खांद्यात बऱ्याचदा पाणीच मिळत नाही. एक्स-रेमध्ये सांधा ढिला झालेला दिसला तर शंका वाढते, पण ढिला होण्याची इतरही कारणं असतात.

खरं उत्तर मिळतं सांध्याच्या आतल्या मांसाच्या तुकड्यांवरून. एक नाही, साधारण पाच, वेगवेगळ्या जागांवरून आणि प्रत्येक वेळी स्वच्छ अवजाराने घेतलेले. ते लॅबमध्ये कल्चरला लावतात. नेहमीचं कल्चर चार-पाच दिवसांत 'जंतू वाढले नाहीत' म्हणून बंद होतं. क्युटिबॅक्टेरियम आळशी आहे, तो वाढायला वेळ घेतो. म्हणून खांद्याची कल्चर १४ दिवस ठेवायला सांगतात. फॉर्मवर तसं लिहिलं नसेल तर लॅब ती आधीच बंद करू शकते, आणि काकांच्या फाइलमध्ये 'इन्फेक्शन नाही' असा रिपोर्ट लागू शकतो. नमुने पाठवताना 'खांद्याचे आहेत, १४ दिवस ठेवा' हे लिहिलंय का, एवढं नातेवाईकांनी नम्रपणे विचारलं तर कोणी रागावणार नाही.

आता मेडिकलवाल्या गोळ्या. नमुने घ्यायच्या आधी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असेल तर जंतू अर्धमेले होतात आणि कल्चरमध्ये वाढत नाहीत. मरत मात्र नाहीत. म्हणून रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर नमुन्यांआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात. भारतात २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यात सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन, रिफॅम्पिसिन अशा औषधांसह एकूण ४६ औषधं होती. ही चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची नोंद ठेवायची. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप, घाम, गुंगी, जखमेतून पू, अशी लक्षणं असतील तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. अशा वेळी डॉक्टर नमुने घेऊन लगेच औषध सुरू करतात.

रिपोर्ट आला तरी गोष्ट संपत नाही. पाचपैकी एकाच तुकड्यात क्युटिबॅक्टेरियम सापडला तर? तो खरंच सांध्यात होता की नमुना घेताना त्वचेवरून आला? पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्या निरोगी खांद्यातही हा जंतू कधीकधी सापडतो. त्यामुळे २०१८ मध्ये फिलाडेल्फियात झालेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत खांद्यासाठी वेगळे निकष ठरले. सांध्यापर्यंत जाणारं छिद्र, आत उघड पू किंवा दोन नमुन्यांत एकच घातक जंतू, असं काही असेल तर इन्फेक्शन पक्कं. नसेल तर बाकी खुणांना गुण देऊन 'बहुधा', 'शक्य' किंवा 'शक्यता कमी' अशा पायऱ्या. वैद्यकशास्त्रानेच 'बहुधा' हा शब्द अधिकृत करावा, हे मला प्रामाणिक वाटतं.

ऑपरेशन कोणतं?

सांधा बसवून काहीच आठवडे झालेत आणि अचानक इन्फेक्शन झालंय, तर थर अजून कच्चा असतो. अशा वेळी खांदा उघडून सडलेला भाग खरवडतात, भरपूर पाण्याने धुतात, बदलता येणारे सुटे भाग बदलतात आणि मुख्य सांधा तसाच ठेवतात. उशीर झाला असेल तर हे सहसा टिकत नाही.

जुन्या इन्फेक्शनमध्ये सांधा काढावाच लागतो. काढणं हे बसवण्यापेक्षा कठीण. दंडाच्या हाडात घट्ट बसलेली धातूची दांडी काढताना कधी हाड उभं चिरावं लागतं. शेजारून डेल्टॉइडला चालवणारी नस जाते, ती जपावी लागते. सिमेंटचा कणही ठेवायचा नसतो, कारण त्यावरही थर असू शकतो.

पुढे दोन रस्ते. एका रस्त्यात त्याच ऑपरेशनमध्ये सगळं साफ करून नवा सांधा बसवतात. दुसऱ्यात आधी फक्त काढतात आणि रिकाम्या जागी 'स्पेसर' ठेवतात. स्पेसर म्हणजे बोन सिमेंटचा बनवलेला तात्पुरता खांदा, ज्यात अँटिबायोटिक कालवलेलं असतं. ही कल्पना जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्झ यांच्या कामातून आली. १९७०च्या सुमारास त्यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, त्यामुळे उष्णतेत टिकणारीच औषधं चालतात, उदाहरणार्थ जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे औषध थेट झिरपतं. काही आठवडे-महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून खरा सांधा बसवतात, तो बहुतेक वेळा रिव्हर्स.

वर्षानुवर्षं दोन टप्प्यांचा रस्ता जास्त सुरक्षित मानला जायचा. पण जमलेल्या अनुभवांत एका टप्प्याचे निकालही तितकेच चांगले दिसू लागलेत, आणि रुग्णाचं एक ऑपरेशन वाचतं. अडचण एवढीच की या अनुभवांत एका टप्प्यासाठी बहुधा सोप्या केसेस निवडलेल्या असतात. खुब्याच्या सांध्यासाठी चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटून दिलेली चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२२ मध्ये आले. दीड वर्षानंतर दोन्ही गटांतलं दुखणं आणि हालचाल सारखीच होती. खांद्यासाठी हा प्रश्न अजून सर्जनच्या अनुभवावर सुटतो. जंतू कोणता, हाड किती उरलंय, त्वचा कशी आहे, यावर.

तिसराही रस्ता आहे, तो कोणाला ऐकायला आवडत नाही. नवा सांधा बसवायचाच नाही. हात कमरेपर्यंत चालतो, जेवता येतं, दुखणं बहुतेक कमी होतं, पण बसची वरची दांडी विसरायची. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला वारंवार भूल देण्यापेक्षा हे बरं असू शकतं. काहीजण स्पेसर घेऊनच वर्षानुवर्षं राहतात.

अँटिबायोटिक किती दिवस, शिरेतून की तोंडाने?

पूर्वी सहा आठवडे शिरेतून, म्हणजे हॉस्पिटलमध्ये मुक्काम किंवा हाताला नळी लावून रोजची फेरी. २०१९ मध्ये ब्रिटनमधली ओव्हिव्हा ही चाचणी प्रसिद्ध झाली. हाडासांध्याच्या इन्फेक्शनचे १०५४ रुग्ण, अर्ध्यांना पहिले सहा आठवडे शिरेतून, अर्ध्यांना मुख्यतः तोंडाने. वर्षभरानंतर तोंडाने घेणारे मागे पडले नाहीत. योग्य गोळी निवडली तर घरी बसून उपचार होऊ शकतात. वडाळ्याहून रोज टॅक्सी करणाऱ्या घरासाठी ही छोटी गोष्ट नाही.

किती दिवस? २०२१ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत सहा आठवडे आणि बारा आठवडे यांची तुलना झाली. सहा आठवड्यांच्या गटात १८ टक्के लोकांचं इन्फेक्शन टिकून राहिलं, बारावाल्यांत ९ टक्के. हे खुबे आणि गुडघे होते. खांद्याला तोच आकडा लावावा का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. सांधा आत ठेवला असेल तर जास्त आठवडे, पूर्ण काढला असेल तर कमी, असं सहसा चालतं.

औषध जंतूवर ठरतं. क्युटिबॅक्टेरियमवर पेनिसिलिनच्या कुटुंबातली साधी औषधं बहुधा चालतात. पिंपल्सच्या क्रीममधल्या क्लिंडामायसिनला मात्र तो काही ठिकाणी निगरगट्ट होत चाललाय. आणि ऑक्सिजन नको असलेला जंतू म्हणून घरात पडलेलं मेट्रोनिडाझोल घेऊन बघू, असं कोणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या. या जंतूवर ते मुळातच चालत नाही.

आता रिफॅम्पिसिन. इटलीतल्या संशोधकांनी या औषध-कुटुंबाचं रिफामायसिन हे नाव 'रिफिफी' या फ्रेंच गुन्हेगारी सिनेमावरून ठेवलं होतं. बायोफिल्ममध्ये शिरण्यात ते तरबेज. सांधा आत ठेवून स्टॅफिलोकोकसशी लढायचं असेल तर दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. एकट्याने कधीच नाही, नाहीतर जंतू काही दिवसांत त्याला सरावतात. खांद्याच्या क्युटिबॅक्टेरियमसाठी त्याचा फायदा अजून ठाम नाही.

आपल्याकडे यात एक जास्तीची भानगड आहे. रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध. खांद्याचा टीबी पू न होता, कोरडाही येतो आणि अगदी फ्रोजन शोल्डरसारखा दिसतो. अशा रुग्णाला टीबी आहे हे न तपासता महिनोनमहिने रिफॅम्पिसिन दिलं, तर टीबीचे जंतू अर्धवट मारले जाऊन औषधाला दाद न देणारे बनू शकतात. मग गाठ पडते ती शिवडीच्या वॉर्डातल्या लांबलचक उपचारांशी. त्यामुळे आपल्या भागात खांद्यातले तुकडे पाठवताना टीबीची तपासणीही सोबत मागणं शहाणपणाचं. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते औषधाचं आहे. पण रक्त पातळ करण्याच्या, डायबेटिसच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांचा परिणाम रिफॅम्पिसिनने कमी होतो.

घरी काय करायचं?

दुखणं परत सुरू झालं तर गोळी आणण्याआधी, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना फोन. त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नसेल तर सायन किंवा केईएमसारख्या मोठ्या हॉस्पिटलची हाडांची ओपीडी. सोबत आधी घेतलेल्या सगळ्या अँटिबायोटिक्सची यादी, तारखांसकट. रिकामी पाकिटं असतील तर तीच न्या.

आणि ऑपरेशनची फाइल. तिच्यात एक स्टिकर असतो. सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, त्यावर छापलेलं असतं. सांधा काढायची वेळ आली तर त्याच कंपनीची अवजारं मागवावी लागतात. स्टिकर नसेल तर सर्जनला एक्स-रे बघून अंदाज लावावा लागतो, आणि अवजार जुळलं नाही तर हाड जास्त फोडावं लागतं. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांची बदली होते, निवृत्ती येते, सामान बांधलं जातं, फाइल माळ्यावर जाते. आजच त्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.